टेबलावर कवटी, बाजूला सोललेलं लिंबू : डच स्टिल लाइफमधलं मरण

कवडसा

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार पीटर क्लासचं १६२८ सालचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, जेमतेम २४ बाय ३६ सेंटीमीटर. एक कवटी, जुनं पुस्तक, कागद, पिसाची लेखणी, आडवा पडलेला रिकामा पेला आणि आत्ताच विझलेला दिवा, वातीतून धुराची शेवटची रेघ निघतेय. बस. रंग पण सगळे तपकिरी नि करडे. आणि तरी त्या पडलेल्या पेल्याच्या काचेत खिडकीचा उजेड असला भारी उतरवलाय की माझी नजर आधी तिकडे जाते, कवटीकडे नंतर. धागा काढायचं कारण हेच, पण ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

टेबलावर मांडलेल्या निर्जीव वस्तूंचं चित्र म्हणजे स्टिल लाइफ, आणि त्यातल्या या मरणाची आठवण देणाऱ्या चित्रांना व्हानितास म्हणतात. बायबलच्या जुन्या करारात 'उपदेशक' म्हणून भाग आहे, सगळं व्यर्थ आहे हे त्याचं पालुपद, नाव तिथून आलं. कवट्या युरोपियन चित्रांत आधीही होत्या पण बऱ्याचदा पाठीमागे, म्हणजे अक्षरशः पाठीमागे, लाकडी फळीच्या पुढच्या अंगाला माणसाचं पोर्ट्रेट आणि मागच्या अंगाला कोनाड्यातली कवटी. जर्मनीतल्या कलोनच्या बार्थेल ब्रुइनने १५२४ मध्ये काढलेली तशी एक कवटी आता नेदरलँड्समध्येच क्रोलर-म्युलर म्युझियममध्ये आहे. डच चित्रकारांनी काय केलं, तर ती मागची बाजू पुढे आणली आणि माणसालाच चित्रातून काढून टाकलं.

यातलं सगळ्यात जुनं स्वतंत्र चित्र याक द गेनचं धरतात, १६०३ चं. कोनाड्यात कवटी, वर हवेत तरंगणारा भलामोठा पारदर्शक बुडबुडा, एका बाजूला फुलदाणीत तोडलेलं फूल, दुसऱ्या बाजूला धूर निघणारं पात्र, पुढे कडेला नाणी. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन ग्रीक तत्त्वज्ञ, जगाकडे बघून हसणारा डेमोक्रिटस आणि रडणारा हेराक्लिटस. बुडबुड्यात झूम करून बघा, त्यात माणसांना छळायचं चाक आणि महारोग्याने वाजवायची खुळखुळी दिसते.

मग लायडन या डच शहरात हे पीक जोरात आलं. १५७५ पासूनचं विद्यापीठ, वातावरण कॅल्व्हिनिस्ट म्हणजे कडक प्रोटेस्टंट, १६३५ ला प्लेगने शहर झोडपून काढलेलं. १५६६ च्या दंगलीत चर्चमधल्या मूर्ती नि चित्रं फोडली गेली होती आणि नव्या पंथाच्या चर्चना चित्रं नकोच होती, त्यामुळे चित्रकाराला चर्चची ऑर्डर बंद. मग घराच्या भिंतीसाठी काढायचं आणि बाजारात विकायचं. गिऱ्हाईक कोण तर कापडवाले, डॉक्टर, वकील, प्रोफेसर.

खुणा सगळ्यांना कळायच्या. घड्याळ म्हणजे वेळ हे सांगायला नको, वाद्य का तर सूर वाजला की गेला, पुस्तकं म्हणजे विद्या पण फुकट (आणि हे विद्यापीठाच्या गावात!), तलवार, नाणी, परदेशी शिंपले म्हणजे सत्ता, पैसा, हौस.

आता प्रश्न. कवटी असली की अर्थाबद्दल वाद नाही. पण विलेम हेडाचं १६३५ चं, अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं चित्र घ्या. सोनेरी झाकणाचा उंच चषक, चांदीची भांडी, ऑयस्टर, फुटका पेला, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणारी लिंबाची साल. कवटी नाही. तरी गाईडपासून यूट्यूबपर्यंत सगळे सांगतात की ते लिंबू म्हणजे वरून सुंदर आणि आतून आंबट असं आयुष्य. मला हे पचत नाही. तुम्हाला काय वाटतं, चित्रकार खरंच मरणाची आठवण करून देतोय की उपदेशाच्या आडून माल आणि हात दोन्ही मिरवतोय?

मिरचीकांदा

भारी धागा, पहिला नंबर माझा.

लिंबू म्हणजे लिंबू हो ताई. ऑयस्टरवर पिळायला आणलंय. लिंबाची सुटलेली साल रंगवणं जाम कठीण असणार, आतला पांढरा पापुद्रा, फोडीतलं पाणी, सालीचा पीळ. जो ते काढून दाखवतो त्याला ऑर्डर मिळते. हेडाची चित्रं मला रुखवतासारखी वाटतात, सगळं मांडून ठेवलंय, बघा आमच्याकडे चांदी किती नि काच कुठली. आणि कवटीवाली चित्रं म्हणजे त्याच रुखवतात कोणीतरी कवटी आणून ठेवली की झालं, आता कोणी उधळ्या म्हणणार नाही. पापक्षालन पण झालं आणि चांदी पण दाखवून झाली.

निवृत्तमास्तर

कवडसाताई, लेख आवडला. मिरचीकांदा, तुम्ही जे बोलताय त्यावर तिकडे कलाइतिहासवाले चांगले पन्नास वर्षं भांडतायत.

१९७६ साली राइक्सम्युझियममध्ये एडी डे यॉंग यांनी डच लोकांच्या रोजच्या जगण्यावरच्या चित्रांचं प्रदर्शन केलं आणि दाखवून दिलं की साध्या दिसणाऱ्या वस्तूंमागे त्या काळच्या म्हणी आणि बोधचित्रांच्या पुस्तकांतले अर्थ दडलेत. त्यानंतर जो तो प्रत्येक चमच्यात अर्थ शोधायला लागला. मग १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी उलटा मुद्दा मांडला, की ही संस्कृती मुळात बघणारी आहे, भिंग, दुर्बीण, नकाशे यांची, यांना जग जसं दिसतं तसं नोंदवण्यातच रस होता, प्रत्येक चित्र कोडं म्हणून सोडवायला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पुरावा वस्तूगणिक वेगळा आहे. शिंपल्यांचं बघा. १६१४ मध्ये रूमर विस्खर याने बोधचित्रांचं पुस्तक काढलं, त्यात एका पानावर नुसते शिंपले आहेत आणि वर लिहिलंय की वेडा माणूस पैसा कशात घालेल याचा नेम नाही. म्हणजे शिंपले बघून त्या काळच्या माणसाला वेडी हौस आठवायची हे आपण आज चिकटवलेलं नाही. बुडबुड्याचंही तेच, हेंड्रिक गोल्ट्सियसने १५९४ मध्येच कवटीला रेलून बुडबुडे उडवणारं पोर छापलं होतं आणि खाली प्रश्न, यातून कोण सुटणार? लिंबासाठी इतका ठणठणीत पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही. तेव्हा लिंबाबद्दल मी तुमच्या बाजूचा, पण म्हणून सगळंच रुखवत नाही.

हाडवैद्य

मी हाडांचा डॉक्टर त्यामुळे मला चित्रापेक्षा कवटीच जास्त दिसते, समजून घ्या :)

यातल्या बऱ्याच कवट्यांना खालचा जबडा नाहीये बघा. चित्रकार विसरला नाही. खालचा जबडा कवटीला हाडाने जोडलेला नसतो, स्नायू नि लिगामेंटने धरलेला असतो, ते कुजलं की तो सुटतो. म्हणजे यांच्या टेबलावर जी कवटी होती ती जमिनीतून निघालेली, खरी होती. दात पडलेले, काही ठिकाणी गालाचं हाड तुटलेलं, हे सगळं बघून काढलंय, मनाने नाही.

आणि लायडनला कवट्यांचा तुटवडा नव्हता. पीटर पाउ नावाच्या प्रोफेसरने १५९० च्या दशकात तिथे शवविच्छेदनाचं गोल थिएटर बांधलं. फाशी दिलेल्या गुन्हेगारांची प्रेतं, तीही हिवाळ्यात फाडायची कारण थंडीत टिकतात. उन्हाळ्यात थिएटर रिकामं, मग काय करायचं तर माणसांचे नि प्राण्यांचे सांगाडे गोल कठड्यांवर उभे करायचे, हातात झेंडे द्यायचे आणि झेंड्यांवर लॅटिनमध्ये मरण लक्षात ठेवा छापाची वाक्यं. लोक बघायला यायचे. १६१० चं छापील चित्र आहे त्याचं, त्यात एका झाडाशी दोन सांगाडे उभे, एकाकडे फावडं, म्हणजे आदम आणि ईव्ह. त्या थिएटरची प्रतिकृती लायडनच्या बूरहावे म्युझियममध्ये आहे. आम्हाला अॅनाटॉमी शिकवताना कोणी तत्त्वज्ञान शिकवलं नाही, यांनी दोन्ही एका तिकिटात उरकलं.

कवडसा

डॉक्टर, दंडवत! जबड्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मास्तर, पुरावा वस्तूगणिक वेगळा हे मान्य. मग मी अजून एक चित्र ठेवते, डेव्हिड बायीचं १६५१ चं, लायडनच्याच लाकेनहाल म्युझियममध्ये आहे. यात माणूस आहे. डावीकडे एक तरुण चित्रकार बसलाय, एका हातात रंगवताना मनगट टेकवायची काठी, दुसऱ्या हाताने टेबलावर एका म्हाताऱ्याचं लंबगोल पोर्ट्रेट धरलंय आणि आपल्याकडे बघतोय. टेबलावर कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली मेणबत्ती, नाणी, मोती, फुलं, चिलीम, छोटे पुतळे, पडलेला पेला, हवेत बुडबुडे, आणि कडेला लोंबणाऱ्या कागदावर सगळं व्यर्थ हे वाक्य आणि सही. मागच्या भिंतीवर वीणेसारखं वाद्य वाजवणाऱ्या विदूषकाच्या, फ्रान्स हाल्स या चित्रकाराने काढलेल्या चित्राची नक्कल.

आता गंमत. पहिल्यांदा बघताना वाटतं तरुण म्हणजे आजचा चित्रकार आणि पोर्ट्रेटमधला म्हातारा म्हणजे त्याचा बाप किंवा गुरू. पण बायीचा जन्म १५८४ चा. म्हणजे १६५१ ला तो सदुसष्ट वर्षांचा. जो जिवंत, रसरशीत, खुर्चीत बसलेला दिसतोय तो कधीच होऊन गेला, आणि जो चित्रातलं चित्र म्हणून सपाट दिसतोय तो खरा आत्ताचा माणूस. नुसत्या रंगवायच्या युक्तीने त्याने भूतकाळाला वर्तमान केलं. सहा वर्षांनी १६५७ ला तो गेला. शिवाय म्हाताऱ्याच्या पलीकडे, पेल्याच्या मागे भिंतीवर एका बाईचा चेहरा आहे, इतका फिकट की आहे की नाही असं वाटावं. ती कोण यावर अजून खल चालू आहे.

हे चित्र बघून मला मिरचीकांदांचं रुखवत अपुरं वाटतं. सदुसष्टाव्या वर्षी माणूस स्वतःला असं मांडतो ते गिऱ्हाईकासाठी नाही.

मिरचीकांदा

बायी मान्य. एकदम मान्य. पण तो अपवाद हो, तो स्वतःबद्दल बोलतोय. बाकीच्यांचं दुकान आहे. एडवर्ट कोलियर घ्या, तो लायडनला होता, मग १६९३ ला लंडनला गेला आणि तिथे पण तेच, कवटी, घड्याळ, पुस्तक, कागदावर तेच लॅटिन वाक्य, डझनावारी काढली. सगळं व्यर्थ आहे हे वाक्य एकाच माणसाने इतक्या वेळा विकलं की ते व्यर्थ राहिलंच नाही, त्यावर घर चाललं.

उल्का_सदाशिव

मी फक्त वाचत होते पण आता राहवत नाही. फुलांबद्दल कोणीच बोलत नाहीये!! मला तर डच फुलांची चित्रं कवटीपेक्षा जास्त हलवतात.

बॉसखार्टच्या फुलदाणीत ट्यूलिप, गुलाब, आयरिस सगळं एकदम फुललेलं असतं, जे खऱ्या बागेत एका आठवड्यात कधी मिळणारच नाही, कारण प्रत्येकाचा मोसम वेगळा. म्हणजे तो गुच्छ पृथ्वीवर कधी नव्हताच, वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासचित्रांवरून जमवलेला. आणि मग पानाला अळीने पाडलेलं भोक, माशी, खाली पडलेली पाकळी. हा बॉसखार्ट वारला कसा माहितीये का, १६२१ ला हेगला एक फुलांचं चित्र पोचवायला गेला होता, राजपुत्राच्या पदरच्या अधिकाऱ्याला, किंमत एक हजार गिल्डर (तेव्हाचं डच नाणं), तिथेच आजारी पडला आणि गेला.

आणि राखेल राउश! तिच्यावर तर वेगळा धागा हवा. १६६४ ची, दहा मुलं, तरी ऐंशी उलटेपर्यंत चित्रं काढली आणि चित्रावर सहीसोबत वय पण टाकायला लागली शेवटी शेवटी. हाडवैद्य तुमच्या कामाची माहिती, तिचे वडील फ्रेडरिक राउश अॅमस्टरडॅमचे नामांकित अॅनाटॉमिस्ट. ते अर्भकांचे छोटे सांगाडे घेऊन देखावे करायचे, खाली खडक म्हणून मुतखडे, झाडं म्हणून कडक केलेल्या रक्तवाहिन्या, आणि एक सांगाडा रडतोय तर त्याच्या हातात रुमाल म्हणून शरीरातलाच पातळ पापुद्रा. १७१७ मध्ये सगळा संग्रह रशियाच्या पीटर द ग्रेटने तीस हजार गिल्डरला विकत घेऊन नेला. अशा घरात ही मुलगी वाढली आणि काढायला निवडली फुलं. तिच्या फुलांत कवटी ठेवायची गरजच नाही पडली, देठ वाकलेले असतात आणि कुठेतरी सरडा अंडं फोडत असतो.

हाडवैद्य

मुतखड्यांचे डोंगर... आज ऑपरेशन थिएटरमध्ये सांगतो.

सागरेश्वर

आम्ही वेंगुर्ल्याचे, म्हणून डच म्हटलं की कान टवकारतात. गावात डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत, झाडं वाढलेली, भिंती काळ्या झालेल्या. १६३७ च्या सुमाराला विजापूरकरांच्या राज्यात त्यांनी इथे बस्तान बसवलं, मुख्य कारण गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून नाकेबंदी करायची होती, त्या जहाजांना पाणी नि रसद इथून.

तर मी ती क्लासची चित्रं शोधून बघितली, त्यात १६२७ चं एक आहे, वर टर्की पक्षी सजवून बसवलेला मोठा 'पाय' (म्हणजे pie, आत सारण भरून भाजलेला पदार्थ), ऑयस्टर, लिंबू, ऑलिव्ह, चिनी बशी आणि पुढे कागदाच्या पुडीत काळी मिरी! पुडी पण पंचांगाचं छापील पान गुंडाळून केलेली. म्हटलं बघा, आमची मिरी गेली क्लासच्या हार्लेम गावातल्या टेबलावर. आणि संपलेल्या वर्षाचं पंचांग फाडून त्याची पुडी, यापेक्षा मरणाची खूण काय वेगळी असते.

निवृत्तमास्तर

वा, पुडी फार छान टिपलीत. पण १६२७ म्हणजे तुमच्या वखारीच्या दहा वर्षं आधी. तेव्हाची डचांची मिरी मुख्यतः जावा-सुमात्राकडून जायची, मलबारवर त्यांचा जम बसला तो कोचीन १६६३ मध्ये घेतल्यावर. बशी मात्र चीनची नक्की, आणि टर्की मूळचा अमेरिकेतला. एका टेबलावर तीन खंड.

सागरेश्वर

बरा बाबा, मिरी जावाची. वखार तरी आमची!

मिरचीकांदा

मास्तर तुम्ही तीन खंड म्हणालात ना, मला तिथेच खटकतं आणि म्हणून मी सारखा रुखवत रुखवत करतोय. १६२१ ला, म्हणजे क्लासच्या या टर्कीच्या चित्राच्या सहा वर्षं आधी, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटर्सझोन कूनने जायफळाच्या मक्तेदारीसाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जी कत्तल केली त्यात तिथली बहुतेक वस्ती संपली, मेले, पळाले किंवा गुलाम झाले. मग तिथे गुलाम आणून बागा चालवल्या. साखर घ्या, १६३० पासून ब्राझीलच्या ऊसमळ्यांवर डचांचा ताबा आणि त्या पाठोपाठ आफ्रिकेतून गुलामांचा धंदा. म्हणजे या टेबलावर मरण आहेच, भरपूर आहे, पण चित्रात कोणाचं मरण तर मालकाचं. त्याला आठवण करून द्यायची की अरे तू पण एक दिवस मरशील, पैसा इथेच राहील. पैसा येताना कोण मेलं हे एकाही कवटीवर लिहिलेलं नाही.

बिनधास्त_बंड्या

झालं, आता चित्रावर पण राजकारण. ४०० वर्षांपूर्वीच्या माणसाकडून तुम्ही आजचे विचार मागताय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कवडसा

बंड्या, बसा पण विषयावर रहा :)

मिरचीकांदा, मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. चित्रकाराला बांदाची बातमी किती होती कोण जाणे, पण वस्तू कुठून येतात हे माहीतच होतं, तीच तर मिरवायची गोष्ट होती. हार्मेन स्टेनवाइकचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र बघा, साधारण १६४० चं. डावीकडून उजेडाचा तिरपा पट्टा येतो तो थेट कवटीवर. बाजूला मोठा शिंपला, वाद्यं, पुस्तकं, विझलेला दिवा, आणि एक जपानी तलवार! १६४१ पासून जपानशी व्यापार करणारे एकमेव युरोपियन म्हणजे डच, तेही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या टिचभर बेटावर कोंडलेले. ती तलवार लायडनमध्ये शिकलेल्या माणसाने टेबलावर ठेवली ती ताकद व्यर्थ आहे हे सांगायला, पण ती मिळवायला केवढी ताकद लागली असेल. चित्र दोन्ही गोष्टी सांगतं, एक मुद्दाम आणि एक नकळत. मला आता असं वाटायला लागलंय की उपदेश की मिरवणं हा प्रश्न मी चुकीच्या जागी विचारत नव्हते, पण उत्तर एकच असायला हवं हा हट्ट नको. स्मशानवैराग्य जसं घरी येईपर्यंत टिकतं, तसं हे भिंतीवर कायमचं टांगून ठेवलेलं. रोज बघायचं आणि रोज दुकान उघडायचं.

उल्का_सदाशिव

+१ कवडसा.

जाता जाता, हिशेबाचा विषय निघालाय तर मारिया फान ओस्टरवाइकचं १६६८ चं व्हिएन्नातलं व्हानितास जरूर बघा. कवटी, आकाशाचा गोल, फुलं, आणि चक्क हिशेबाची वही! म्हणजे वर जाऊन हिशेब द्यायचाय. आमच्या आजीला दाखवलं तर लगेच म्हणाली चित्रगुप्ताची ना. शिवाय एक उंदीर धान्याचं कणीस कुरतडतोय आणि काचेच्या बाटलीत स्वतः मारियाचं प्रतिबिंब. तिने लग्न केलं नाही, आणि घरातली मोलकरीण खीर्त्ये पीटर्स हिला रंग कालवायला शिकवता शिकवता चित्रकार केलं. खीर्त्येचं फुलांचं चित्र आज केंब्रिजच्या म्युझियममध्ये आहे.

तैलरंग

उशिरा येतोय. तैलचित्रांच्या जतनाच्या कामाशी माझा थोडाफार संबंध येतो, म्हणून एक वेगळा मुद्दा. तुम्ही सगळे चित्रात काय काढलंय ते बोलताय. चित्र स्वतः पण मरतं.

आब्राहम मिन्योन, यान डाविट्स डे हेमच्या हाताखालचा, त्याचं राइक्सम्युझियममध्ये फुलं आणि घड्याळ असलेलं चित्र आहे, १६६० ते १६७९ मधलं कधीतरी. त्यात एक पिवळा गुलाब आहे, बघाल तर तो कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. शेजारची फुलं गोल, भरीव, पाकळीवर पाकळी, आणि हा एकटा पिवळा ठोकळा. कारण त्याने पिवळ्यासाठी हरताळ वापरला, म्हणजे आर्सेनिकचा पिवळा, तोच जो आपल्याकडे पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला लावायचे. प्रकाशाने हरताळाचं विघटन झालं, आर्सेनिक सुटं होऊन बाजूच्या रंगातल्या शिशाशी जाऊन मिळालं आणि नवेच बिनरंगी क्षार तयार झाले. एक्स-रेच्या तंत्राने चित्राचा इंच न इंच स्कॅन केला तेव्हा कुठल्या मूलद्रव्याचा थर कुठे आहे याचा नकाशा मिळाला, आणि त्यात गुलाबाच्या सगळ्या पाकळ्या, सावल्या, कडा दिसल्या. मिन्योनने गुलाब चांगलाच काढला होता. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

अजून एक. डच फुलांच्या चित्रांत पानं निळसर का दिसतात असं कधी वाटलंय? चित्रकाराने निळी नव्हती काढली. निळ्यावर वनस्पतीपासून केलेल्या पिवळ्या रंगाचा पातळ हात देऊन हिरवं करायचे, तो पिवळा उडाला, निळा राहिला. कवडसा यांनी सांगितलेल्या स्टेनवाइकच्या चित्रात पण एक भूत आहे, उजवीकडच्या सुरईच्या जागी त्याने आधी एका माणसाचं मस्तक रंगवलं होतं, मग मत बदललं आणि वर सुरई काढली, पण वरचा थर काळाने पारदर्शक होत गेला आणि खालचा चेहरा पुसटसा वर आला.

निवृत्तमास्तर

तैलरंग, फार दिवसांनी काहीतरी नवीन कळलं. एक विचारतो, गुलाब मुळात कसा होता हे आता कळलंय तर मग परत रंगवत का नाहीत? तेवढा एक गुलाब.

मिरचीकांदा

हो ना, घड्याळाशेजारचा गुलाब मेला हे तर भारीच आहे, राहू दे तसाच. चित्रकाराला पण आवडलं असतं.

तैलरंग

मास्तर, साधा नियम असा की जिथे रंग पडून गेलाय तिथेच भरायचं, आणि तेही पुढे कोणाला काढायचं झालं तर निघेल अशा रंगाने. इथे रंग पडलेला नाही, बदललाय, आणि जे उरलंय ते मिन्योनच्या हातचंच आहे. त्यावर रंगवलं तर आपण त्याच्यावर आपला गुलाब बसवला. शिवाय सुटलेलं आर्सेनिक थरांमधून फिरलेलं असतं, वरून झाकून ते थांबत नाही. म्हणून मूळ कसं असेल ते कम्प्युटरवर करून बघतात, चित्राला हात लावत नाहीत.

मिरचीकांदा, चित्रकाराला आवडलं नसतं. पिवळा टिकावा म्हणून ही मंडळी काय काय खटपटी करायची, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी लावू नये, कुठला तेलात लवकर वाळत नाही, हे तेव्हाच्या कारागिरांना चांगलं माहीत होतं. हरताळाची खोड पण माहीत होती. दुसरा इतका तेजस्वी पिवळा मिळत नव्हता म्हणून वापरला.

बघायचं असेल तर राइक्सम्युझियमच्या साइटवर मिन्योनचं नाव टाकून शोधा, मोठा फोटो फुकट उतरवता येतो. फोनवर नको, लॅपटॉपवर बघा, आणि पिवळ्या गुलाबाशेजारच्या दुसऱ्या फुलांवर पण झूम करा म्हणजे फरक कळेल.